नाव न ऐकलेला गेम मित्राला खेळायला कसा लावायचा

"भारी गेम आहे, खेळून बघच" एवढं सांगून कोणी काही खेळत नाही. समोरचा म्हणतो हो बघतो, विशलिस्टला टाकतो आणि रात्री जेवण झालं की परत व्हॅलोरंट नाहीतर बीजीएमआय उघडतो. त्यात त्याचं काहीच चुकत नाही, कारण दिवसभर ऑफिस, ट्रॅफिक, घरचं सगळं उरकून हातात जेमतेम एखादा तास उरतो आणि तो तास माणूस ओळखीच्या ठिकाणीच घालवतो, अनोळखी गेमवर तो फुकट गेला तर जाम चिडचिड होते. म्हणून लहान टीमनं केलेला, जाहिरात नसलेला, ग्रुपमध्ये कोणी नावही न ऐकलेला गेम सुचवायचा असेल तर थोडी मेहनत आपण घ्यायची असते. मला हे काम मनापासून आवडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ही मेहनत का घ्यायची ते सांगते. अमंग अस 2018 ला आला होता आणि दोन वर्षं तो फारसा कोणाला माहीत नव्हता, 2020 मध्ये स्ट्रीमर लोक खेळायला लागले आणि लॉकडाऊनमध्ये घराघरात पोचला. गेम तोच होता, फक्त कोणीतरी दुसऱ्याला दाखवला. याची उलटी बाजू म्हणजे म्युनिकचा मिमिमी गेम्स हा स्टुडिओ. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी शॅडो गॅम्बिट काढला, खेळणाऱ्यांनी डोक्यावर घेतला, आणि त्याच महिन्यात स्टुडिओनं आपण थांबतोय म्हणून जाहीर केलं. वाढता खर्च आणि वर्षानुवर्षांचा ताण झेपेना असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्या कंपनीच्या गेमला तुमच्या शब्दाची गरज नसते, या लोकांना असते.

आता मुद्द्यावर. सुरुवात गेमपासून करायचीच नाही, माणसापासून करायची. आपल्याला एखादा गेम आवडला की तो दिसेल त्याला सांगत सुटायचा मोह होतो, पण एकाच वेळी पन्नास जणांच्या ग्रुपवर टाकलेली लिंक कोणाचीच नसते. एक माणूस डोळ्यासमोर धरा आणि त्याच्याशी बोला. "तुला कुठल्या टाइपचे गेम आवडतात" हा प्रश्न बिनकामाचा आहे, उत्तर येतं ॲक्शन, स्ट्रॅटेजी, आणि त्यातून काही कळत नाही. विचारायचं असं की तू त्या गेममध्ये नक्की काय करत बसायचास? एज ऑफ एम्पायर्सचं घ्या, आपल्याकडं अख्ख्या पिढीनं खेळलाय. एक जण सांगेल मी चारी बाजूंनी भिंत बांधायचो, शेतं लावायचो, शत्रू आला नाही तर बरंच वाटायचं. दुसरा सांगेल मला लवकरात लवकर घोडेस्वार काढून समोरच्याची गावकरी मंडळी उडवायची असायची. दोघांचा गेम एकच पण आवड पूर्ण वेगळी. पहिल्याला बॅनिश्ड द्या, 2014 चा आहे, एकाच माणसानं बनवलेला, त्यात शत्रू नाहीच, हिवाळा आणि भूक एवढंच तुमच्या गावाच्या वाईटावर असतं, सरपण कमी पडलं की लोकं गारठून मरतात. दुसऱ्याला झिरो ए.डी. द्या, फुकट आणि ओपन सोर्स आहे, त्यात मौर्य साम्राज्य घेऊन हत्ती चालवता येतात. हेच उलट सुचवलंत तर दोघंही दहा मिनिटात बंद करतील आणि नंतर तुमचं काही ऐकणार नाहीत.

पुढची पायरी म्हणजे जुन्या आठवणीवरून नवीन गेमपर्यंत पूल बांधणं. माझ्या मते आपल्याकडं सगळ्यात जास्त चालणारा उपाय हाच आहे. सायबर कॅफेत किंवा चुलत भावाच्या पीसीवर कमांडोज खेळलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. 1998 चा गेम, माद्रिदच्या पायरो स्टुडिओजनं केलेला, मोजके सैनिक घेऊन शत्रूच्या गोटात चोरून शिरायचं, त्यातला ग्रीन बेरे नावाचा कमांडो चाकू घेऊन मागून जायचा, स्नायपरकडं मोजक्या गोळ्या, स्पाय जर्मन गणवेश घालून बिनधास्त फिरायचा, आणि सैनिकाची नजर कुठं जातेय ते दाखवणारा तो हिरवा पट्टा. अशा माणसाला "शॅडो टॅक्टिक्स हा जपानमधला स्टेल्थ स्ट्रॅटेजी गेम आहे" असं सांगितलंत तर तो नुसती मान हलवेल. त्याला सांगायचं, "कमांडोज आठवतो का? तोच, फक्त सैनिकांऐवजी सामुराई, आणि ग्रीन बेरेच्या जागी निन्जा." बास, तिथंच त्याचे डोळे चमकतात.

पण एवढ्यावर थांबू नका, फरकही सांगा कारण फरकातच त्याचा त्रास वाचणारे. शॅडो टॅक्टिक्स 2016 चा, मगाशी सांगितलेल्या मिमिमीचाच. कथा 1615 च्या एडो काळातली, पाच माणसं तुमच्या हातात, त्यातला म्हातारा ताकुमा लांबून बंदुकीनं टिपतो, छोटी युकी शिट्टी वाजवून पहारेकऱ्याला सापळ्यात बोलावते, मुगेन एका फटक्यात दोघातिघांना आडवं करतो. जुन्या कमांडोजमध्ये सेव्ह करायचं राहिलं की अर्धा तास पाण्यात जायचा, इथं शेवटचं सेव्ह करून किती वेळ झाला ते गेम स्वतःच स्क्रीनवर दाखवतो. आणि शॅडो मोड म्हणून एक प्रकार आहे त्यात दोघातिघांच्या चाली आधी ठरवून ठेवायच्या आणि एका बटणावर सगळ्या एकदम सुटतात, ते पहिल्यांदा जमतं तेव्हा काय वाटतं हे मी सांगून कळणार नाही. तो संपला की डेस्पराडोज 3, आणि मग शॅडो गॅम्बिट, म्हणजे एका सल्ल्यात तुम्ही त्याची वर्षभराची सोय केलीत. असे पूल बरेच आहेत, रोड रॅशवाल्याला रोड रिडेम्प्शन दाखवा, लगेच कळेल त्याला काय ते.

पूल सापडत नसेल, म्हणजे गेम अगदीच वेगळा असेल, तर काय बोलायचं? इथं बहुतेक लोक प्रकार सांगतात, बक्षिसं सांगतात, ग्राफिक्स सांगतात. मी म्हणते क्रियापद सांगा. यात तू काय करतोस, हातानं आणि डोक्यानं, ते दोन वाक्यात. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन हा माझा आवडता नमुना आहे कारण तो बाहेरून बघितला तर कोणी हातही लावणार नाही, सगळं चित्र दोन रंगात, जुन्या मॅक कॉम्प्युटरसारखं ठिपक्या ठिपक्यांचं. 2018 मध्ये लुकस पोप या माणसानं जवळजवळ एकट्यानं केलेला. आता बघा मी मेसेज कसा लिहीन:

"अरे ऐक, तुला ते खून कोणी केला टाइप डोकं चालवायला आवडतं ना. यात तू 1807 साली ईस्ट इंडिया कंपनीचा विमा तपासनीस आहेस. हरवलेलं जहाज पाच वर्षांनी परत आलंय, आत कोणीच जिवंत नाही. तुझ्याकडं एक घड्याळ आहे, ते मढ्याजवळ नेलं की मरायच्या आधीचे काही सेकंद ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो, त्यात फिरून बघायचं. साठ जण होते. प्रत्येकाचं नाव काय आणि तो कसा गेला हे तू शोधायचं. गेम काहीही सांगत नाही, बोलण्याची ढब, कपडे, कोण कोणाच्या शेजारी झोपतो यावरून ओळखायचं. तीन उत्तरं बरोबर आली की मगच गेम मान्य करतो त्यामुळं अंदाजपंचे चालत नाही. दिसायला विचित्र आहे, पहिली पंधरा मिनिटं सहन कर."

मेसेज लांब आहे हे मान्य, पण तो एका माणसासाठी लिहिलेला आहे हे वाचणाऱ्याला कळतं, आणि वाचून झाल्यावर त्याला आपण काय करणार आहोत ते नीट दिसतं. पुरस्कार वगैरे काही घातलं नाही, त्याची गरजच नाही. इतिहासाची आवड असलेल्याला मी एक वाक्य वाढवते की जहाजावर हिंदुस्थानी खलाशीही आहेत, त्यांची नावं लावताना तुला इतरांपेक्षा थोडं सोपं जाईल. आणि डोळ्यांना त्रास होणाऱ्याला आधीच सांगते की ठिपक्यांमुळं काहींचं डोकं दुखतं, थोडं थोडं खेळ.

आता सगळ्यात अवघड प्रकार, आणि यावर मी जरा जास्त बोलणारे. काही गेम असे असतात की त्यातली मजा म्हणजेच त्यातलं गुपित. आउटर वाइल्ड्स. (आधी नाव नीट सांगा, त्याच 2019 साली द आउटर वर्ल्ड्स नावाचा पूर्ण वेगळा गेम आला आणि लोक भलताच विकत घेतात.) हा गेम ॲलेक्स बीचम यांच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधून सुरू झाला आणि 2020 मध्ये त्याला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गेमचा मान मिळाला, तरी आपल्याकडं विचाराल तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसेल. तो सुचवताना आपली जीभ सगळ्यात जास्त घसरते. "अरे तुला माहितीये त्यात काय होतं..." असं म्हणून आपण जे सांगतो तेच त्याला स्वतः कळायला हवं होतं, आणि एकदा कळलेलं परत न-कळलेलं करता येत नाही. या गेममध्ये लेव्हल नाही, नवीन हत्यार नाही, यान सुरुवातीला मिळतं तेच शेवटपर्यंत. वाढतं ते फक्त तुम्हाला काय माहितीये ते. म्हणजे तुम्ही एक गुपित फोडलंत तर त्याच्या गेमचा तेवढा तुकडाच कापून घेतलात.

मग सांगायचं तरी काय? पहिल्या दहा मिनिटात गेम जे दाखवतो तेवढंच. एक इवलीशी सूर्यमाला, खिळे ठोकून जोडलेलं वाटावं असं यान, आणि तुमच्या खूप आधी तिथं राहून गेलेल्या लोकांनी भिंतींवर लिहून ठेवलेलं. तू जाऊन वाचायचं, कुठंही, कुठल्याही क्रमानं. एवढंच. ट्रेलर बघू नको, यूट्यूबवर सर्च करू नको, कॉमेंट वाचू नको, हे मात्र हात जोडून सांगा. सोबत दोन-चार कामाच्या गोष्टी द्या ज्यानं गुपित फुटत नाही: शक्यतो कंट्रोलर वापर, उड्डाणाच्या आधी गावातल्या गुहेत वजन नसताना कसं फिरायचं त्याचा सराव कर, आणि ऑटोपायलट वाटेत सूर्य आला तरी वळत नाही, तेव्हा लक्ष ठेव. सुरुवात संथ आहे हेही सांगा, नाहीतर तो तासाभरात म्हणेल यात काहीच होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपण मदतीला आहोत हे सांगून ठेवा. "अडकलास की गूगल करू नको, मला मेसेज कर." मग तो खरंच करतो, रात्री साडेअकराला करतो, आणि तेव्हा उत्तर द्यायचं नाही. प्रश्न विचारायचा. यानातली नोंद काय म्हणते, कुठल्या जागेवर अजून काहीतरी बघायचं बाकी आहे असं लिहिलंय? तिथं तू कधी गेला होतास, लवकर का उशिरा? एवढ्यावर त्याचा त्याला रस्ता सापडतो आणि पाच मिनिटांनी नुसताच "ओह!!!" असा मेसेज येतो. मला विचाराल तर गेम सुचवण्यातलं खरं सुख त्या मेसेजमध्ये आहे. ग्रुपमध्ये अजून कोणी तो खेळलेला असेल तर त्यालाही आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा की बाबा तोंड बंद ठेव.

आता मशीन आणि पैसे. याबद्दल कोणी बोलत नाही आणि निम्मे सल्ले इथंच मरतात. समोरच्याकडं ऑफिसचा लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, आणि तुम्ही त्याला चाळीस जीबीचा गेम सांगताय. आधी विचारा काय आहे तुझ्याकडं. साधा लॅपटॉप असेल तर निराश व्हायचं कारणच नाही, पेपर्स प्लीज, बाबा इज यू, मिनी मेट्रो, फुकटातला बॅटल फॉर वेस्नॉथ, हे सगळे त्यावर आरामात चालतात. फक्त फोन असेल तरी चालेल, पेपर्स प्लीज 2022 पासून फोनवर आहे, 80 डेज आहे, मिनी मेट्रोही आहे आणि त्यात मुंबईचा नकाशा आहे, रोज लोकलनं जाणाऱ्याला तो नुसता उघडून द्या, बाकी काही बोलू नका.

पैशाचं म्हणाल तर बहुतेकांना स्टीमचा, म्हणजे पीसीवरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा, रिफंड माहीत नसतो किंवा माहीत असून भीती वाटते. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असलं की पैसे परत मागता येतात, कारण काहीही द्या. हे सांगितलं की समोरच्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं. फक्त बजावून ठेवा की गेम चालू ठेवून जेवायला गेलास तर मीटर चालूच राहतो. डेमो असेल तर आधी डेमोचीच लिंक द्या. घाई नसेल तर विशलिस्टला टाकून सेलची वाट बघायला सांगा, सेल लागला की आपणच आठवण करायची.

खोट लपवू नका. हे मी फार मनापासून सांगतेय. राजी: ॲन एन्शंट एपिक हा आपल्या पुण्यात बनलेला गेम, नॉडिंग हेड्स गेम्सचा. 2017 मध्ये किकस्टार्टर या साइटवर लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न केला तो फसला तरी टीमनं सोडलं नाही आणि 2020 मध्ये गेम काढला, त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या इंडी, म्हणजे लहान स्वतंत्र टीमच्या, गेमच्या विभागात नामांकन मिळालं. अभिमान वाटतोच. पण "आपल्या लोकांनी केलाय म्हणून खेळ" असं सांगितलं की समोरच्याला ते उपकारासारखं वाटतं आणि तो उपकार म्हणून घेऊन ठेवतो, खेळत नाही. त्यापेक्षा खरं सांगा. महाल, भिंतींवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट, दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत राजीची कथा सांगतात ते, हे सगळं डोळे भरून बघण्यासारखं आहे. मारामारी ठीकठाक आहे, कॅमेरा आपल्या हातात नसतो त्यामुळं कधीकधी उडी चुकते. पाचसहा तासात संपतो. हे ऐकून जो घेईल तो शेवटपर्यंत खेळेल, कारण त्याला जे सांगितलं तेच मिळालं.

गेम न खेळणाऱ्यांनाही सुचवता येतं बरं का. व्हेन्बा, 2023 चा, टोरंटोच्या व्हिसाई गेम्सचा, 1980 च्या दशकात कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट. आईनं दिलेली पाककृतींची वही फाटलीये, डाग पडलेत, त्यातल्या अर्धवट ओळींवरून इडली कशी करायची ते ओळखायचं. दोनेक तासांचा आहे. ज्यांची मुलं बाहेर वाढतायत आणि मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देतात अशा ताईला, वहिनीला हा द्या, पण एकट्यानं नको, शेजारी बसून. माउस तुम्ही धरा, इडलीपात्रात आधी काय घालायचं ते त्यांना विचारा.

शेजारी बसणं हा तसा सगळ्यांसाठीच चांगला मार्ग आहे. लव्हर्स इन अ डेंजरस स्पेसटाइम नावाचा गेम आहे, गोल गुलाबी यान, दोघं ते चौघं आत पळापळ करून कोणी तोफ कोणी ढाल कोणी इंजिन सांभाळतो. मित्र दुसऱ्या शहरात असेल तरी स्टीमच्या रिमोट प्ले टुगेदरनं जमतं, एकाकडं गेम असला की पुरे, दुसऱ्याला विकत घ्यायची गरज नाही. नेट बरं लागतं मात्र.

सांगून झालं की पिच्छा पुरवू नका. रोज "खेळलास का" विचारलं की तो गेम गृहपाठ होतो. एकदाच विचारायचं, आठवड्याभरानं, आणि "कसा वाटला" असं नाही, काहीतरी नेमकं, जसं की ओब्रा डिनमध्ये कॅप्टनच्या खोलीपर्यंत पोचलास का. सोडून दिला असेल तर कुठं सोडला ते विचारून घ्या, भांडायला नव्हे, पुढच्या वेळी त्याला काय द्यायचं ते कळतं म्हणून. ठिपक्यांनी डोकं दुखलं म्हणाला तर अडचण डोळ्यांची होती, डोकं चालवायची हौस तशीच आहे, त्याला द केस ऑफ द गोल्डन आयडल द्या.

आपल्याकडं सुचवायला नवं काय येत राहील यासाठी माझी सवय सोपी आहे, एक गेम आवडला की तो बनवणाऱ्याचं आधीचं काम बघायचं, आणि स्टीमवर वर्षातून तीनदा नेक्स्ट फेस्ट लागतो तेव्हा ढिगानं डेमो फुकट असतात, त्यातले खेळायचे. स्वतः न खेळलेला गेम मात्र सुचवू नका, यादीत वाचून तर नाहीच.

आणि मित्रानं खेळून संपवला, आवडला, की त्याच्याकडून स्टीमवर रिव्ह्यू लिहून घ्या, तुम्हीही लिहा. स्टीमवर दहा रिव्ह्यू होईपर्यंत गेमला चांगला-वाईट असा शेराच दिसत नाही, त्यामुळं अगदी छोट्या गेमसाठी तुमचे दोघांचे दोन रिव्ह्यू म्हणजे पाचवा हिस्सा झाला. फार लिहायला नको. यात काय करायचं असतं, कोणाला आवडेल, सुरुवातीला काय खटकतं, आणि तुमच्या कुठल्या लॅपटॉपवर कसा चालला.